मोटर बदलताय? आधी जुनी का जळाली ते बघा

दिवाळीच्या आसपास हलक्या धानाची कापणी सुरू झाली की भंडारा जिल्ह्यातल्या गिरण्यांना दम घ्यायला वेळ नसतो. तुमसर, मोहाडी, लाखनी, कुठेही जा, पट्टे दिवसभर फिरत असतात. नेमक्या याच दिवसांत मोटर जळते. दारात पोत्यांची रांग आणि मालक घाईत. मग ठरलेला सल्ला मिळतो : ‘5 एचपी पुरत नाही, साडेसातची टाका.’

माझ्या मते हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो. त्याच मशीनवर, तेवढ्याच मालावर वर्षानुवर्षे चाललेली मोटर अचानक कमजोर होत नाही. एखादा फेज गेलेला असतो, व्होल्टेज पडलेले असते, बेअरिंग जाम झालेले असते किंवा कोंड्याने पंख्याची जाळी बुजलेली असते. व्होल्टेज 10 टक्के घटले की मोटरची ओढ सुमारे 19 टक्के घटते, आणि तेच काम करायला ती जास्त करंट खेचते. कारण तसेच ठेवून मोठी मोटर बसवली, तर उद्या तीही जळेल. फरक एवढाच, की नुकसान मोठे.

खरा धोका पुढे आहे. धानात खडा किंवा नटबोल्ट गेला की लहान मोटर अडते, रिले ट्रिप होतो. हा एक प्रकारे मशीनचा बचावच असतो. मोठी मोटर अडत नाही; ती शाफ्ट पिळते, पट्टा तोडते. जवळ कोणाचा हात असेल तर तोही ओढते.

त्याहून वाईट म्हणजे वेगाकडे दुर्लक्ष. एचपी सगळे विचारतात, प्लेटवरचा आरपीएम कोणी वाचत नाही. 1440 च्या जागी 2880 फेऱ्यांची मोटर त्याच पुलीवर लावली की वेग दुप्पट होतो, पण पुलीला बाहेर फेकणारा जोर चौपट होतो. बिडाची पुली किंवा पितळी भांडी चमकवणारे बफ त्यासाठी बनलेले नसतात. कोंडा उडवणाऱ्या ब्लोअरचे गणित आणखी कडक : वेग दुप्पट, तर लागणारी ताकद आठपट. जुनी 1420 फेऱ्यांची मोटर काढून नवी कमी वीज खाणारी 1450 ची लावली, तरी ब्लोअरचा भार सहा टक्क्यांच्या वर वाढतो. पुली थोडी लहान केली की भागते.

बसवणेही सरळ नाही. चार पोलच्या 5 एचपी मोटरची फ्रेम साधारण 112 असते, साडेसातची 132. हा आकडा म्हणजे पायापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची, मिलिमीटरमध्ये. म्हणजे शाफ्ट 20 मिलिमीटर वर जातो, त्याची जाडीही 28 वरून 38 होते. जुनी पुली बसत नाही, पट्टा तिरका धावतो. खाली लाकडी फळी सरकवून जुळवाजुळव केलेली मी पाहिली आहे. ती फळी कंपनाने कधी ना कधी निघतेच.

वायर, स्टार्टर, ओव्हरलोड रिले नव्या मोटरच्या करंटप्रमाणे हवेत. प्लेटवर तो लिहिलेला असतो. साडेसात एचपीला तो साधारण 11 अँपिअर भरतो. फ्यूजमध्ये जाड तार घालणे म्हणजे पुढच्या वेळी मोटरऐवजी वायरिंग जाळणे. भार वाढत असेल तर महावितरणचा मंजूर भार आधी तपासा. थ्री-फेज मोटरच्या बॉडीला अर्थिंगच्या दोन स्वतंत्र जोडण्या लागतात. एक तुटली तर दुसरी जीव वाचवते.

काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. मेन स्विच बंद करून फ्यूज काढा आणि ते त्याच्याच खिशात राहू द्या. रांगेतला कोणी ‘लाइट गेली वाटते’ म्हणून स्विच वर करतो, हे अशक्य नाही. तिन्ही फेज मीटरने तपासा. कपॅसिटर असेल तर तो डिस्चार्ज केल्याशिवाय टर्मिनलला हात नको. पट्टा चढवण्याआधी मोटर क्षणभर रिकामी फिरवून दिशा बघा. उलटी असेल तर पुन्हा सप्लाय बंद करून कोणत्याही दोन वायरी अदलाबदल करा.

आणि पट्ट्यावरची जाळी परत बसवा. घाईच्या दिवसांत ती बहुधा भिंतीला टेकवलेलीच राहते.