रंगीत चष्मा लावून जोडाक्षर सुटत नाही

पालकहो, जरा स्पष्टच लिहितोय. राग आला तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा.

"मूल वाचताना अडखळतं? अक्षरं हलतात म्हणतं? रंगीत काचांचा चष्मा लावा, वाचन सुधारेल." असले मेसेज पालकांच्या ग्रुपवर फिरतायत. माझ्या ओळखीतल्या दोन घरांत यावर पैसे गेले. पोरं होती तिथेच आहेत.

हे खूळ जुनं आहे. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या हेलन अर्लेन यांनी मांडलं की काही जणांच्या मेंदूला प्रकाशातले ठरावीक रंग सोसत नाहीत, म्हणून प्रत्येकाला मानवणारा रंग शोधायचा आणि त्या रंगाची काच द्यायची. पुढे त्यांच्याच नावाची संस्था निघाली. दुखणं शोधणारे तेच, निदान करणारे तेच, काच देणारेही तेच! आपल्या गल्लीत कुणी असं दुकान मांडलं असतं तर आपण दोनदा विचार केला असता. अमेरिकेहून आलं की मान डोलावतो.

आता पुरावा बघू. २००९ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी एकत्र निवेदन काढलं: डिस्लेक्सिया ही भाषेशी निगडित अडचण आहे, आणि रंगीत काचांनी ती बरी होते याला शास्त्रीय आधार नाही. २०११ मध्ये एडिंबरा विद्यापीठाच्या संशोधकांनी वाचनात मागे असलेल्या ६१ मुलांना तपासलं. अर्लेन पद्धतीच्या तपासनीसाने त्यातल्या तीन-चतुर्थांशाहून जास्त मुलांना हा दोष आहे असं सांगितलं. मग त्यांना 'त्यांच्या' रंगाचा प्लॅस्टिकचा कागद पानावर ठेवून वाचायला दिलं, दुसऱ्या रंगाचा ठेवून दिलं, बिनरंगाचा ठेवूनही दिलं. वाचनाच्या वेगात फरक? काही नाही.

"पण आमच्या मुलीला बरं वाटलं ना!" वाटलं असेल. नवा चष्मा आला, आई-बाबा जवळ बसले, कुणीतरी "तू ढ नाहीस" म्हणालं, तर कुठल्याही पोराला हुरूप येतो. झगमगाटाचा त्रास असेल तर गडद काचेने आरामही पडेल. पण डोळ्याला आराम पडणं वेगळं आणि वाचता येणं वेगळं.

वाचणं म्हणजे अक्षर बघून त्याचा आवाज आठवणं, मग आवाज जोडून शब्द करणं. 'क' ला काना, वेलांटी, उकार लागला की आवाज कसा बदलतो, 'त्र' मध्ये कोणते दोन आवाज लपलेत, हे ज्याला जुळत नाही त्याला ते सावकाश, पायरीपायरीने, बोलून, ऐकून, गिरवून रोज शिकवावं लागतं. हे काम कंटाळवाणं आहे, त्याची जाहिरात होत नाही. पण उपयोग त्याचाच होतो.

मला पैशापेक्षा वेळेची चीड येते. दुसरीतलं पोर काच बदलत बदलत चौथीत जातं, तोवर पुस्तकं जाड होतात आणि पोराने स्वतःला मठ्ठ ठरवलेलं असतं. ती दोन वर्षं कोण परत देणार?

म्हणून एवढं करा. आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून नंबर तपासून घ्या, कानही तपासा. तिथे सगळं ठीक असेल तर अध्ययन अक्षमतेची रीतसर चाचणी करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता धरलेली आहे, आणि प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक मिळतो. ही मेहेरबानी नाही, हक्क आहे.

आणि पुढच्या पालकसभेत उभं राहून विचारा: आपल्या शाळेत विशेष शिक्षक आहे का? नसेल तर कधी येणार? स्नेहसंमेलनाच्या मांडवाला पैसे निघतात, मग यालाही निघायला हवेत.

पटलं तर तुमच्या शाळेच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली लिहा, पण पुरावा घेऊन या.