हिरवा सदरा गेला, विटाळ राहिला

झोमॅटोचे संस्थापक दीपिंदर गोयल यांनी 19 मार्च 2024 रोजी शाकाहारी ग्राहकांसाठी ‘शुद्ध शाकाहारी’ अशा नावाची वेगळी सेवा जाहीर केली. फक्त शाकाहारी उपाहारगृहांतले अन्न पोहोचवणारी माणसे वेगळी, त्यांची पेटी हिरवी, अंगातला सदरा हिरवा. बाकीच्यांचा लाल. त्यावर संताप उसळला आणि दुसऱ्याच दिवशी हिरवा रंग मागे घ्यावा लागला. तो दिवस होता 20 मार्च. त्याआधी 97 वर्षे, याच तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यात उतरले होते आणि त्यांनी ओंजळीने पाणी प्यायले होते. त्यानंतर गावातल्या सवर्णांनी पंचगव्याच्या घागरी ओतून ते तळे ‘शुद्ध’ करून घेतले. तारखांचा हा मेळ कोणी जुळवून आणलेला नाही. पण महाराष्ट्राला तो दुर्लक्षून चालणार नाही, कारण तळ्याच्या काठावर जो प्रश्न उभा होता तोच या सदऱ्याच्या रंगात होता. आपल्या पोटात जाणाऱ्या घासाला कोणाचा हात लागलेला चालतो?

कंपनीचे म्हणणे आधी नीट ऐकून घेऊ. पेटीत कधी रस्सा सांडतो, त्याचा वास पुढच्या पुड्याला लागतो, शाकाहारी माणसाला ते सोसत नाही, असे कारण दिले गेले. ही अडचण खोटी नाही. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अंडेही आलेले नाही, तिथे वरणभाताच्या डब्याला मटणाचा वास आला तर अन्न घशाखाली उतरत नाही. ती किळस खरी असते आणि तिची थट्टा करण्याचा कोणालाही अधिकार नाही. पण सांडलेल्या रश्श्यावर उपाय घट्ट झाकणाचा, चांगल्या वेष्टनाचा, फार तर पेटीत दोन कप्पे करण्याचा. माणसाचा सदरा बदलल्याने रस्सा सांडायचा कसा थांबेल?

मुंबईचे डबेवाले 1890 पासून हेच काम करीत आले आहेत. मावळातून आणि जुन्नर, राजगुरुनगरकडून आलेल्या, बहुतांशी वारकरी घरांतल्या या माणसांनी एकाच पाटीत शेजारी शेजारी मासळीचा डबा नेला आणि जैन घरचा डबाही नेला. डब्यावरची खूण सांगते ती डबा कुठून निघाला आणि कोणत्या मजल्यावर जायचा एवढेच. आत काय आहे आणि नेणारा कोण आहे, यासाठी त्यावर खूण नाही. वाहून नेणाऱ्यांपैकी कित्येकांच्या गळ्यात तुळशीची माळ असते, ते स्वतः मांसाला शिवत नाहीत आणि तरीही दुसऱ्याचा डबा त्याच्या पानापर्यंत नेण्यात त्यांना कधी बाट वाटला नाही. शाकाहार पाळावा कसा, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

या साऱ्या प्रकरणात आम्हाला सर्वांत बोलके वाटते ते हिरवा रंग मागे घेताना दिलेले कारण. लाल सदरेवाल्यांना मांसाहाराशी जोडले जाईल आणि सणावाराच्या दिवसांत काही सोसायट्या त्यांना फाटकावरच अडवतील; शिवाय आपल्या ग्राहकांना त्यांच्या घरमालकांकडून त्रास होऊ शकेल, असे कंपनीनेच म्हटले. म्हणजे लाल सदरा दारात आला की भाडेकरूचे बिंग फुटते आणि घर जाऊ शकते, हे आपल्या शहरांतले उघड सत्य एका बड्या कंपनीने लेखी मान्य केले. मुंबई-पुण्यात घर शोधताना ‘तुम्ही खाता का?’ असे दलालाने विचारले की त्याचा अर्थ मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. तो प्रश्न मुसलमानाला, दलिताला, कोळ्याला, मराठ्याला वेगवेगळ्या धारेने लागतो, एवढाच फरक.

सदरा गेला, पण वेगळी तुकडी राहिली. कंपनीच्या यंत्रणेत ती तशीच ठेवली गेली, फक्त रस्त्यावर दिसेनाशी झाली. आमचा आक्षेप नेमका इथे आहे. या तुकडीत कोणाला घ्यायचे हे त्याच्या खाण्यावरून ठरत नाही, असे कंपनी सांगते. तसे असेल तर ती तुकडी कशी भरली जाते, तिच्यात कोण आहेत, तिला काम जास्त मिळते की कमी, हे जाहीर करण्यात अडचण काय? रंग दिसत होता तोवर निदान वाद घालता येत होता. न दिसणाऱ्या वाटणीविरुद्ध दाद मागायची कुठे?

आम्ही राईचा पर्वत करीत आहोत असे कोणाला वाटत असेल, त्याने मागच्या काही वर्षांतल्या घटना आठवाव्यात. 2017 मध्ये पुण्यातल्या एका उच्चविद्याविभूषित बाईंनी स्वयंपाकाच्या बाईंविरुद्ध पोलिसांत फिर्याद दिली. जात लपवून आपले सोवळे मोडले, ही त्यांची तक्रार. महात्मा फुल्यांच्या पुण्यात पोलिसांनी ती फसवणूक म्हणून नोंदवूनही घेतली. पुढे गदारोळ झाल्यावर ती मागे घेतली गेली. 2019 मध्ये जबलपूरच्या एका ग्राहकाने अन्न आणणारा हिंदू नाही म्हणून मागणी रद्द केली. त्या वेळी याच झोमॅटोने माणूस बदलायला नकार दिला, अन्नाला धर्म नसतो असे ठणकावले आणि देशभरातून शाबासकी मिळवली. 2022 मध्ये लखनौत एका दलित तरुणाने तक्रार दिली की जात कळल्यावर त्याच्या हातचे अन्न नाकारले गेले आणि वर मारहाण झाली. 2023 मध्ये आयआयटी मुंबईच्या तीन वसतिगृहांच्या सामाईक खानावळीत सहा टेबले केवळ शाकाहाऱ्यांसाठी राखली गेली आणि त्याचा निषेध करणाऱ्या विद्यार्थ्याला 10 हजार रुपये दंड झाला.

या घटना एका ओळीत ठेवल्या की दिसते ते असे: तक्रार ताटातल्या पदार्थाबद्दल नसतेच. पुण्याच्या त्या घरात शिजले ते सोवळ्याचेच अन्न होते आणि बाईंच्या हाताला चवही असणार. अडले ते आडनावापाशी.

म्हणून ‘शुद्ध शाकाहारी’ या पाटीकडे पुन्हा पाहायला हवे. खानावळीच्या दारावर ती वर्षानुवर्षे टांगलेली आहे आणि बहुतेकांना त्यात काही खुपत नाही. पण ‘शाकाहारी’ हा शब्द पदार्थाविषयी बोलतो आणि ‘शुद्ध’ हा शब्द माणसांविषयी बोलू लागतो. एक शुद्ध ठरला की दुसरा आपोआप अशुद्ध ठरतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत 15 ते 49 या वयोगटातल्या 83 टक्के पुरुषांनी आणि 70 टक्क्यांहून अधिक स्त्रियांनी आपण कधी ना कधी मासे, मांस किंवा कोंबडी खातो, असे सांगितले. इतक्या मोठ्या समाजाला रोजच्या बोलण्यातून अशुद्ध ठरवणारा शब्द एका कंपनीने पेटीवर आणि छातीवर मिरवायला घेतला होता.

शाकाहाराचा दुसराही एक अर्थ या मातीत आहे. माळकऱ्याचा शाकाहार जन्माने येत नाही, माळ घातल्याने येतो. कुणबी, माळी, धनगर, चांभार कोणीही माळ घालतो, मांस सोडतो आणि वाटेत भेटलेल्या दुसऱ्या माळकऱ्याच्या, त्याची जात न विचारता, पाया पडतो. वारीतही जातीचे पाट वेगळे मांडले गेले आहेत, हे आम्ही विसरत नाही. तरीही खाण्याचे व्रत आणि स्पर्शाचा विटाळ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात, याची साक्ष ती माळ देते.

आता दारात अन्न घेऊन उभ्या असलेल्या त्या माणसाविषयी. नीती आयोगाच्या अंदाजाप्रमाणे 2020-21 मध्ये देशात अशा ऑनलाइन मंचांवर आणि सुट्या कामांवर जगणारे 77 लाख लोक होते. 2029-30 पर्यंत ते 2 कोटी 35 लाख होतील. यातले असंख्य तरुण गावाकडची कोरडवाहू शेती सोडून शहरात आलेले असतात. मागणी नोंदवली की ग्राहकाला मोबाइलवर त्याचे नाव दिसते. आपल्याकडे नावावरून, विशेषतः आडनावावरून, जात काढायला क्षणही लागत नाही. ग्राहकाने मागणी रद्द केली, दार उघडले नाही, एकच तारा दिला, तर त्याचे कारण कोणी विचारत नाही. मार बसतो तो त्याच्या कमाईला. त्याला पुढची लिफ्ट बंद, मागची सामानाची उघडी. काही ठिकाणी तीही नाही, आठ मजले पायी. तहान लागली तर पाणी मागावे की नाही, याचा तो विचार करतो, आणि हा विचार त्याच्या आजोबांनीही केलेला असतो.

राज्यघटनेच्या 17 व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता संपवली, 15 व्याने दुकाने आणि उपाहारगृहे सर्वांना खुली केली. 1955 चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे, 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. पण हे कायदे लिहिताना नजरेसमोर होता तो कपबशी वेगळी ठेवणारा हॉटेलवाला. इथे विटाळ मानणारा गिऱ्हाईक आहे आणि त्याचे बोट पडद्यावर आहे. गुपचूप रद्द केलेली मागणी कोणत्याच कलमात सहजी बसत नाही. राजस्थानने 2023 मध्ये आणि कर्नाटकने 2025 मध्ये या कामगारांसाठी कायदे केले. काम कसे वाटले जाते हे कामगाराला कळले पाहिजे, हे कर्नाटकने मान्य केले. महाराष्ट्राने त्याच्या पुढे जायला हवे. जात किंवा धर्म बघून माणूस नाकारणाऱ्या ग्राहकाचे खाते बंद करणे कंपनीवर बंधनकारक असावे, अशा रद्द मागणीचे पूर्ण पैसे कामगाराला मिळावेत आणि शाकाहारी तुकडीची भरती व कामवाटप तपासण्याचा अधिकार कामगार आयुक्तांना असावा. हे काम कंपनीच्या सद्‌बुद्धीवर सोडू नये. 2019 ची कंपनी आणि 2024 ची कंपनी एकच होती.

सत्ता मनावर घेते तेव्हा काय होते, हे कोल्हापूरने पाहिले आहे. राजवाड्याच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून झोडपले गेले. शाहू महाराजांनी त्यांना मदत देऊन शहरात चहाचे हॉटेल काढायला लावले. महार माणसाच्या हॉटेलात गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः तिथे गाडी थांबवू लागले, भर रस्त्यात गंगारामांकडून चहा मागवून पिऊ लागले आणि सोबतच्या मानकऱ्यांनाही तोच चहा पाजू लागले.

त्या रस्त्यावरचे मानकरी आज आपल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या समित्यांवर बसलेले आहेत. अन्न आणणाऱ्याने मागची लिफ्ट वापरावी, ही पाटी त्यांच्याच सहीने लागते. ती काढायला नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. पुढच्या सर्वसाधारण सभेत एका सभासदाने हात वर करून तसा ठराव मांडला तरी पुरे.