कवच स्वदेशी, कसोटी निर्दय

सोलापूरचे पोलीस आयुक्त म्हणून ज्यांचा दरारा या शहराने अनुभवला, ते अशोक कामटे २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत कामा रुग्णालयालगतच्या गल्लीत हुतात्मा झाले. हेमंत करकरे आणि विजय साळसकर यांनीही त्याच गल्लीत प्राणार्पण केले. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी हाती केवळ लाठी असताना अजमल कसाबच्या बंदुकीची नळी छातीशी धरून ठेवली. या चौघांनाही मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. राष्ट्राने त्यांच्या शौर्याची बूज राखली, यात शंका नाही. परंतु शौर्याचा गौरव करणे आणि शूरांचे रक्षण करणे ही दोन भिन्न कर्तव्ये आहेत, आणि दुसरे कर्तव्य बजावताना आपण वारंवार उणे पडलो आहोत.

त्या रात्री करकरे जाकीट चढवत असल्याचे दृश्य साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले. ते जाकीट पुढे रुग्णालयातून नाहीसे झाले. वीरपत्नी कविता करकरे यांनी माहितीच्या अधिकारात विचारणा केली, तेव्हा कुठे शासनाला जाग आली. एका सफाई कामगाराने ते कचऱ्यात टाकल्याचे सांगितले. गोळ्या मान व खांद्याच्या भागात, म्हणजे जाकिटाने न झाकलेल्या जागी लागल्या, असे नंतर सांगण्यात आले. ते खरे मानले तरी मूळ प्रश्न उरतोच. ज्या वस्तूची तपासणी करून पुढच्या शिपायाचे प्राण वाचवता आले असते, ती वस्तूच उरली नाही. शत्रूची गोळी एकदा लागते. व्यवस्थेची बेपर्वाई मात्र पुन:पुन्हा लागत राहते.

कवच कशाचे करावे, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. वस्तुत: तो विवेकाचा प्रश्न आहे. पिस्तुलाची गोळी आणि एके-४७ ची गोळी यांच्या वजनात फारसा फरक नाही. दोन्ही साधारण ८ ग्रॅमच्या. पण पिस्तुलाच्या गोळीचा वेग सेकंदाला ३५० ते ४०० मीटर, तर एके-४७ च्या गोळीचा ७०० मीटरहून अधिक. वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती चौपट होते. म्हणून ॲरामिड धाग्याचे अनेक पदरी वस्त्र पिस्तुलाची गोळी जाळ्यात पकडावी तशी पकडते; एके-४७ पुढे मात्र तेच वस्त्र हतबल ठरते. तेथे कठीण प्लेटच हवी.

प्लेट पोलादाची करावी, तर ती टिकाऊ आणि स्वस्त. पण वजनाने शिपाई थकतो आणि पोलादावर फुटलेल्या गोळीचे तुकडे त्याच्याच हनुवटीत व दंडात घुसू शकतात. सिरॅमिकची करावी, तर ती हलकी आणि इतकी कठीण, की गोळीचे टोकच फोडते. मागील तंतूंचे थर मग तिचे अवशेष अडवतात. पण सिरॅमिक ठिसूळ असते. प्लेट हातून पडली, तर डोळ्यांना न दिसणारी चीर तिच्यात राहू शकते. पॉलिथिलीनची प्लेट पाण्यावर तरंगेल इतकी हलकी. परंतु ती उष्णतेला भिते आणि पोलादी गाभ्याची गोळी तिला भारी पडू शकते. प्रत्येक द्रव्याला त्याचा गुण आहे, तसा दोषही आहे. केवळ किंमत पाहून किंवा केवळ वजन पाहून निवड करणारा अधिकारी दुसऱ्याच्या छातीवर जुगार खेळत असतो.

येथे एक इशारा देणे आवश्यक वाटते. घरातील फरश्या, बाजारातील लोखंडी पत्रा, डिंकाने चिकटवलेले कापडाचे थर असे काहीबाही जोडून ‘गोळीरोधक’ कवच घरीच तयार करण्याचा उत्साह काही तरुणांत दिसतो. आपल्याकडे जुगाडाचे कौतुक फार. मोटेला दोर कमी पडला, तर जुगाड चालतो. प्राणांच्या बाबतीत चालत नाही. साधा पत्रा मऊ असतो, घरातली फरशी चिलखतासाठी घडवलेली नसते. शिवाय गोळी अडली, तरी कवच आत किती दबले, हेही पाहावे लागते. अमेरिकी मानकात ही खोली ४४ मिलिमीटरच्या आत असावी लागते. अन्यथा न फुटलेल्या कवचाआडही बरगड्या मोडतात. अंगणात एक गोळी झाडून याची परीक्षा होत नाही. असे कवच नसण्याहून घातक, कारण ते खोटे धैर्य देते.

घरी केलेले कवच त्याज्य. पण घरचे, म्हणजे स्वदेशी कवच अत्यावश्यक. १० नोव्हेंबर १६५९ रोजी शिवछत्रपती प्रतापगडाखाली अफझलखानाच्या भेटीस गेले, ते अंगरख्याखाली चिलखत आणि जिरेटोपाखाली शिरस्त्राण घालून. देवीवर अढळ श्रद्धा असलेल्या त्या राजाने लोखंडाची कडी तपासून घेण्यात कमीपणा मानला नाही. श्रद्धा आणि सिद्धता यांचा हा संगम स्वतंत्र भारताने फार उशिरा आठवला. सैन्याची सुमारे १ लाख ८६ हजार जाकिटांची गरज २००९ मध्ये मान्य झाली. पूर्ण संख्येचा करार होण्यास २०१८ चा एप्रिल उजाडला. दरम्यान शत्रू थांबला नव्हता. २०१७ च्या अखेरच्या दिवशी लेथपोरा येथील केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या छावणीवरील हल्ल्यात पोलादी गाभ्याच्या गोळ्या वापरल्या गेल्या.

यानंतरचे चित्र मात्र आशादायक आहे. २०१८ मध्ये भारतीय मानक ब्युरोने जाकिटांसाठी आयएस १७०५१ हे स्वतंत्र मानक आणले. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने बोरॉन कार्बाइडवर आधारित ‘भाभा कवच’ विकसित केले. पुण्याच्या सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयातील मेजर अनूप मिश्रा यांनी ‘सर्वत्र’ हे पूर्ण देह झाकणारे कवच सिद्ध केले. २०२४ मध्ये कानपूरच्या संरक्षण प्रयोगशाळेने या मानकातील सहाव्या, म्हणजे सर्वोच्च पातळीच्या गोळीला तोंड देणारे हलके जाकीट तयार केले. त्याच वर्षी संरक्षण संशोधन संस्था आणि दिल्लीचे आयआयटी यांनी मिळून ‘अभेद’ साकारले. बुद्धी आपल्याकडे आहेच. उणीव आहे ती कच्च्या मालाची. ॲरामिड आणि उच्च प्रतीच्या पॉलिथिलीनच्या धाग्यासाठी आपण अद्याप बव्हंशी परदेशांवर विसंबतो. युद्धकाळात धागा रोखला गेला, तर जाकीट कशाचे शिवणार?

हा प्रश्न सोलापूरला विशेषत्वाने विचारावासा वाटतो. मागांच्या खडखडाटावर हे शहर वाढले. गिरण्या बंद पडल्या, तरी यंत्रमाग राहिले. चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळाले. गणवेशाचा व्यवसाय उभा राहिला. गणवेश शिवणारे शहर गणवेशाखालचे कवच विणण्याचे स्वप्न का पाहू नये? त्यासाठी विणकराचे कसब हवे, प्रयोगशाळेची जोड हवी आणि शासनाची दीर्घ मुदतीची मागणी हवी.

मात्र स्वदेशीचा शिक्का म्हणजे परीक्षेतून सूट नव्हे. उलट आपल्याच भावासाठी केलेल्या वस्तूची कसोटी अधिक निर्दय असली पाहिजे. प्रत्येक खेपेतील काही जाकिटे गोळ्या झाडून तपासावीत. प्रत्येक जाकिटावर क्रमांक, निर्मितीचे वर्ष आणि बाद होण्याचे वर्ष असावे. चाळीस अंशांपलीकडे तापणाऱ्या सोलापूरच्या कोठारात ती कशी ठेवली जातात, हे पाहावे. आणि गोळी लागलेले प्रत्येक जाकीट पुराव्यासारखे जपावे, कचऱ्यात टाकू नये.

१९३१ मध्ये चार हुतात्मे देणाऱ्या या नगरीला बलिदानाचे मोल शिकवावे लागत नाही. बलिदान देण्यास सिद्ध असलेल्या वीराला ते देण्याची वेळ येऊ नये, याची चिंता वाहणे हेच समाजाचे खरे ऋणमोचन होय.