ट्रकचे नाक कोणी कापले?

अमेरिकेतल्या हायवेवरचा ट्रक लांब नाकाचा असतो. पुढे इंजिनाचे बॉनेट, मागे केबिन आणि केबिनला लागून झोपायची खोली. युरोपातला ट्रक चपट्या तोंडाचा. ड्रायव्हर थेट इंजिनावर बसलेला, पायांपुढे जेमतेम काच आणि पत्रा. कंपन्या मात्र बऱ्याचदा त्याच असतात. व्होल्वो दोन्हीकडे ट्रक विकते. डेमलर युरोपात मर्सिडीज-बेंझ विकते, तर अमेरिकेत फ्रेटलायनर. हा फरक लोक स्वभावावर घालून मोकळे होतात: अमेरिकनांना भपका आवडतो, युरोपीय माणूस काटकसरी. ऐकायला हे बरे वाटते, पण इतिहास वेगळे सांगतो. ट्रकचा चेहरा प्रामुख्याने सरकारी टेपने ठरवला आहे. टेप कुठून कुठपर्यंत धरायचा, यावर ड्रायव्हरच्या वाट्याला किती जागा येणार हे ठरते. आपल्याकडे या प्रश्नाचा विचार अजून अर्धाच झाला आहे.

आधी अमेरिकाच घेऊ. 1960 आणि 70च्या दशकांत तिथल्या हायवेवरही चपट्या तोंडाचे ट्रक मोठ्या संख्येने धावत होते. त्या काळी राज्ये ट्रक आणि ट्रेलर मिळून एकूण लांबी मोजत; अनेक ठिकाणी मर्यादा 55 ते 65 फुटांची होती. अशा वेळी नाकावर गेलेला प्रत्येक फूट मालातून वजा होणार, म्हणून मालकांनी नाकच काढून टाकले. 1982च्या केंद्रीय कायद्याने राष्ट्रीय मार्गांवर एकूण लांबीवर बंधन घालण्याचा राज्यांचा अधिकार काढून घेतला आणि मर्यादा फक्त ट्रेलरला उरली. बॉनेट फुकट झाले. शिवाय पुलांच्या रक्षणासाठी 1970च्या दशकात आलेल्या सूत्रानुसार चाकांच्या जोड्या जितक्या दूर, तितके जास्त वजन नेता येते. तेही लांब ट्रकच्याच पथ्यावर पडले. पुढच्या काही वर्षांत लांब पल्ल्याच्या वाहतुकीतून चपटे तोंड जवळजवळ हद्दपार झाले. रस्ते तेच होते, माणसेही तीच होती, बदलला तो नियम. आज अमेरिकेत 53 फुटी म्हणजे सुमारे 16 मीटरचा नुसता ट्रेलर सर्रास चालतो. युरोपात ट्रेलर ओढणारा ट्रॅक्टर आणि ट्रेलर मिळून सर्वसाधारण मर्यादा साडेसोळा मीटरची आहे.

युरोपात उलटे घडले. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन ट्रकलाही नाक होते. 1950च्या दशकात वाहतूकमंत्री हान्स-क्रिस्तोफ झेबोम यांनी ट्रकमागे ट्रेलर जोडलेल्या गाड्यांची लांबी 14 मीटरवर आणि वजन 24 टनांवर आणले. रेल्वेची मालवाहतूक वाचवणे हा त्यामागचा एक हेतू होता. नियम लवकरच सैल झाला, पण बॉनेटच्या ट्रकला बसलेला धक्का कायमचा ठरला. मालासाठी जागा काढण्याची चढाओढ तिथेही थांबली नाही. 1980च्या दशकात केबिन इतकी आखूड झाली की झोपायची जागा थेट छपरावर गेली. ड्रायव्हरने केबिनच्या टपातल्या भोकातून वर चढायचे आणि वरच्या पेटीत आडवे व्हायचे. शेवटी कायद्यालाच मध्ये पडावे लागले. युरोपीय नियमानुसार ट्रकमागे ट्रेलर जोडलेल्या गाडीची एकूण लांबी 18.75 मीटर असू शकते. पण मालाच्या जागेच्या पुढच्या टोकापासून ट्रेलरच्या शेपटापर्यंतचे अंतर 16.40 मीटरपेक्षा जास्त चालत नाही. वजाबाकी केली की 2.35 मीटर उरतात. ते केबिनचे. मालकाने त्यातून कितीही कापले तरी माल इंचभरही वाढत नाही, त्यामुळे कापण्याचे कारणच संपले. पुढे 2015च्या सुधारणेने, हवेचा अडथळा आणि अपघातातली हानी कमी होणार असेल तर केबिनला मर्यादेबाहेर थोडी जागा देण्याची वाट खुली केली. 2021 मध्ये डाफ कंपनीने त्याचा फायदा घेऊन पुढचे तोंड 16 सेंटिमीटरने वाढवले.

यावर पहिला आक्षेप येतो तो रस्त्यांचा. युरोपातली गावे जुनी, गल्ल्या अरुंद, मग आखूड ट्रकच बरा. शहरात माल पोचवणाऱ्या गाड्यांपुरते हे खरे आहे; पण हायवेवर देशामागून देश ओलांडणाऱ्या ट्रकचे तोंड गल्लीमुळे चपटे झालेले नाही. ऑस्ट्रेलियात तर एकाच देशात दोन्ही चेहरे दिसतात. दोन ट्रेलरच्या गाडीला 26 मीटरची मर्यादा आहे, तिथे मालासाठी जागा काढायला चपटे तोंड कामी येते. आडरानातल्या रोड ट्रेनला मात्र 53.5 मीटरपर्यंत मुभा, आणि तिथे नाकवाल्या ट्रकचे राज्य. दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो जास्त वजनदार आहे. लांब नाकामुळे समोरासमोरच्या धडकेत ड्रायव्हरपुढे चेपायला लोखंड उरते, पण त्याच नाकाआड रस्ता ओलांडणारे मूल दिसत नाही. उंच चपट्या केबिनलाही आंधळे कोपरे असतात. म्हणून लंडनने अवजड ट्रकला ड्रायव्हरच्या थेट नजरेच्या कसोटीवर परवाना देणे सुरू केले. तेव्हा कोणता आकार चांगला, या वादाला एकच उत्तर नाही. सरकारने काय मोजले आणि काय मोजायचे सोडले, हे मात्र नेमके तपासता येते.

आता आपल्याकडे. 1954 मध्ये टाटांनी मर्सिडीज-बेंझशी करार करून जमशेदपुरात जे ट्रक बांधायला घेतले, ते नाकवाले होते. जर्मनीत त्या नाकावर कायद्याची कात्री चालली, तरी आपल्या रस्त्यांवर ते पुढे कित्येक दशके टिकले. बॉनेट उघडले की मेस्त्रीचा हात थेट इंजिनापर्यंत पोचायचा, ही त्याची मोठी सोय होती. पुढे इथेही मालाच्या जागेचा हिशोब जिंकला. एकसंध ट्रकला 12 मीटरची मर्यादा असताना नाकाचा हट्ट कोण धरणार? आपली खरी अडचण त्यापुढची आहे. ट्रकची नुसती चासी घ्यायची आणि केबिन बाहेर बांधून घ्यायची, ही पद्धत इथे वर्षानुवर्षे चालली. तमिळनाडूतले नामक्कल किंवा पंजाबातले सरहिंद त्या कामासाठी नावाजलेले. त्या कारागिरांच्या हाताला नावे ठेवण्याचे कारण नाही. मालकाने जेवढे पैसे दिले, तेवढेच त्यांनी बांधले. लाकूड, पत्रा, सीटमागे झोपायला एक फळी आणि बुडाखाली तापलेले इंजिन. लांबी, रुंदी, उंची आणि आसांवरचे वजन यांवर नियमांची नजर होती, पण आत बसणाऱ्या माणसाच्या वाट्याला किती जागा यावी, हे फारसे कोणी विचारत नव्हते.

1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी हा विषय लावून धरला आणि खर्च वाढेल ही ओरडही झाली. ती ओरड अगदीच पोकळ नाही. एकदोन ट्रकवर संसार चालवणाऱ्या मालकाला वाढीव हप्ता जड जातो. पण नियम सगळ्या नव्या ट्रकना सारखाच असेल, तर खर्चही सगळ्यांना सारखाच पडतो आणि हळूहळू भाड्यात उतरतो. नियम नसेल तेव्हा चांगली केबिन देणारा मालक स्पर्धेत मागे पडतो आणि वाईट केबिन देणारा तरतो. युरोपातले 2.35 मीटर हेच सांगतात: ड्रायव्हरची जागा स्पर्धेतून बाहेर काढली, तरच ती वाचते.

थंड हवा ही चांगली सुरुवात आहे, पण दीड फुटाच्या फळीवर थंड हवा सोडून माणसाची झोप होत नाही. 1961चा मोटार वाहतूक कामगार कायदा दिवसाला 8 तासांचे काम सांगत होता. पण लांब पल्ल्याचा ड्रायव्हर कामाबाहेरचे उरलेले तासही त्याच केबिनमध्ये काढतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने लांब पल्ल्याच्या ट्रकसाठी मालाच्या जागेची मर्यादा वेगळी ठरवावी, केबिन आणि झोपण्याच्या जागेचे किमान माप नियमात लिहावे, आणि आरटीओने पासिंगच्या वेळी आसांच्या वजनाबरोबर तेही टेप लावून तपासावे.