आंकडे मोठे, पुरावा लहान

‘संशोधनानें सिद्ध झालें आहे’ या चार शब्दांपुढें आमचा सुशिक्षित मध्यमवर्ग हल्लीं जशी मान तुकवितो, तशीच त्याच्या आज्यानें ‘शास्त्रांत सांगितलें आहे’ या शब्दांपुढें तुकविली होती. मानेचें वळण तेंच राहिलें. देव्हाऱ्यांतील मूर्ति तेवढी बदलली. अमुक पेयानें मुलांची उंची वाढते असें सकाळच्या वर्तमानपत्रांत छापून येतें, तमुक खाल्ल्यानें स्मरणशक्ति वाढते असें दुपारीं भ्रमणध्वनीवर येतें, आणि कोणी शंका घेतलीच तर त्याचें तोंड बंद करण्यास एक आंकडा पुरतो. ‘अहो, वीस हजार मुलांवर प्रयोग केला आहे!’ वीस हजार ऐकल्यावर पुढें बोलण्याची छाती कोणाची?

आमचें म्हणणें असें कीं, नेमकें येथेंच बोलावयास हवें. जें मोजलें आणि ज्याची तुलना केली त्यावरून काढलेला निष्कर्ष खरोखर निघतो कीं नाहीं, याला संशोधनाच्या भाषेंत सप्रमाणता म्हणतात. तिचा आंकड्याच्या लांबीरुंदीशीं फार थोडा संबंध आहे. आंकडा वाढला म्हणजे योगायोगाची चूक कमी होते हें खरें. पण तुलनाच वांकडी असेल तर आंकडा वाढवून ती सरळ होत नाहीं, उलट वांकडेपणाला प्रतिष्ठा मात्र येते.

वीस हजार हा आंकडा आम्हीं उगाच घेतलेला नाहीं. १९३० सालीं स्कॉटलंडमधील लॅनार्कशायर परगण्यांत शाळेंतील मुलांना दूध पाजून पाहण्याचा एक प्रचंड प्रयोग झाला. ६७ शाळा, २०,००० मुलें. त्यांपैकीं निम्म्यांना फेब्रुवारीपासून जूनपर्यंत शाळेच्या दिवशीं पाऊण पिंट दूध, आणि उरलेल्या निम्म्यांना कांहीं नाहीं. आरंभीं व अखेरीस सर्वांची उंची मोजली, वजन घेतलें. खर्च सुमारें ७,५०० पौंड. दूध पिणाऱ्यांची वाढ अधिक झाली असें अहवालांत म्हटलें होतें, आणि कच्चें दूध व पाश्चरीकृत दूध वाढीला सारखेंच उपकारक, असाहि निर्वाळा होता.

पुढच्याच वर्षीं, ‘स्टूडंट’ या टोपणनांवानें लिहिणाऱ्या विल्यम गॉसेट यांनीं या अहवालाची चिरफाड केली. हे गृहस्थ डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मात्यांच्या पदरीं नोकर. दुधाचा हिशेब तपासावयास दारूच्या कारखान्यांतील माणूस निघावा, ही गंमत सोडून देऊं. त्यांनीं दाखविलेला दोष घर चालविणाऱ्या कोणालाहि समजेल असा आहे. दूध कोणास द्यावयाचें हें चिठ्ठ्या टाकून किंवा नांवांच्या अनुक्रमानें ठरावयाचें होतें. पण एखाद्या गटांत पुष्ट किंवा कृश मुलें फार झालीं असें दिसलें तर अदलाबदल करण्याची मोकळीक शाळांना होती. झालें! समोर हाडें दिसणारें पोर उभें आहे, आणि त्याला ‘तुला दूध नाहीं’ असें सांगावयाचें, हें कोणत्या मास्तराच्यानें होईल? बहुधा नकळतच गरिबांचीं पोरें दुधाच्या गटांत सरकलीं. परिणाम असा कीं, प्रयोगाच्या पहिल्याच दिवशीं, दूध न मिळणारीं मुलें वजनांत सुमारें तीन महिन्यांच्या आणि उंचींत सुमारें चार महिन्यांच्या वाढीइतकीं पुढें होतीं. मास्तरांचें अंतःकरण वाखाणावें तेवढें थोडें. पण दयेपोटीं चुकलेला हिशेबहि चुकलेलाच असतो.

दुसरा दोष याहून सूक्ष्म. वजन अंगावरील कपड्यांसह घेतलें होतें. फेब्रुवारींत तिकडे कडाक्याची थंडी, जूनमध्यें उन्हाळा. खाऊनपिऊन सुखी घरचें मूल हिंवाळ्यांत लोकरीचें ओझें घालून कांट्यावर चढलें आणि उन्हाळ्यांत तें उतरवून आलें. गरिबाच्या पोराला दोन्ही ऋतूंत कपडे बहुधा तेच. म्हणजे पहिल्याचें जें वजन कागदावर घटलें तें कोटाचें. दुसऱ्याचें तेवढें घटलें नाहीं, आणि दुसरा तर दुधाच्या गटांत अधिक! यांत श्रेय दुधाचें किती व कोटाचें किती, हें आतां ब्रह्मदेवानेंच सांगावें. शिवाय कोणत्याहि एका शाळेंत एकाच प्रकारचें दूध वाटलें होतें. तेव्हां कच्चें विरुद्ध पाश्चरीकृत ही तुलना वस्तुतः शाळेविरुद्ध शाळा अशी झाली. गॉसेट यांचा हिशेब असा कीं, एकसारख्या जुळ्या मुलांच्या ५० जोड्या घेऊन प्रत्येक जोडींतील एकालाच दूध दिलें असतें, तर त्या खर्चाच्या शेंकडा एक-दोन इतक्यांत याहून भरंवशाचें उत्तर हातीं आलें असतें.

अमेरिकेंतील ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाची कथा प्रसिद्धच आहे. १९३६ सालीं त्यानें सुमारें एक कोटि मतपत्रिका धाडल्या, २३ लाखांवर परत आल्या, आणि त्यांवरून लँडन अध्यक्ष होणार असें भाकीत केलें. रूझवेल्ट शेंकडा साठांहून अधिक मतें घेऊन निवडून आले. पत्ते मुख्यतः टेलिफोन व मोटारी बाळगणाऱ्यांच्या याद्यांतून घेतले होते, आणि उत्तर धाडण्याची तसदीहि रूझवेल्ट यांच्या विरोधकांनींच अधिक घेतली होती.

परदेशचीं हीं जुनीं उदाहरणें आतां कशाला, असें वाचक विचारतील. निकालाच्या दिवसांत आपल्या शहरांतील कोणत्याहि चौकांत उभें राहून वर पाहावें. शिकवणीवर्गांच्या फलकांवर गुणवंतांचीं छायाचित्रें झळकत असतात. ज्या वर्गानें प्रवेशपरीक्षा घेऊन आधींच हुशार मुलें वेंचून घेतलीं, आणि मध्येंच सोडून गेलेल्यांचीं नांवें यादींतून गाळलीं, तो वर्ग मुलांना हुशार करतो, कीं हुशार मुलें त्या वर्गाला? या प्रश्नाचें उत्तर न मागतां बाप भविष्यनिर्वाह निधींतून पैसे काढतो, आणि पोर पुढें अपेशी ठरलें तर दोष पोराच्या माथीं मारतो. हाच बाप भाजी घेतांना वरचीं वांगीं बाजूला करून खालचीं पाहतो.

विद्यापीठांचें तरी काय? कँबेल व स्टॅन्ले यांनीं १९६३ सालीं सप्रमाणतेला धोका आणणाऱ्या कारणांची जी यादी केली, ती आमचे विद्यार्थी पाढ्यांसारखी घोकतात. नमुन्याची निवड, मधल्या काळांतील घडामोडी, मुलांची स्वाभाविक वाढ, मोजण्याच्या साधनांतील बदल, सारें मुखोद्गत. आणि प्रबंधाची वेळ आली कीं प्रश्नावली वाटावयाची ती मित्रांना, आतेभावांना आणि त्यांच्या ओळखीच्यांना! प्रबंधांत सप्रमाणतेवर स्वतंत्र परिच्छेद असतो, तेवढ्यानें सर्वांचें समाधान होतें.

यावर शहाणे लोक म्हणतात कीं, माणसें म्हणजे कांहीं प्रयोगशाळेंतील उंदीर नव्हेत. प्रत्यक्ष व्यवहारांत इतकी कडक तुलना शक्य नसते. त्यांनीं उंधेऱ्याकडे पाहावें. १८९७ सालीं मुंबईंत प्लेगनें हाहाकार माजविला असतां हाफकीन यांनीं भायखळ्याच्या तुरुंगांत स्वखुशीनें पुढें आलेल्या कैद्यांना आपली लस टोचली. पण स्वखुशीनें पुढें येणारा व मागें राहणारा हे एकाच प्रकृतीचे कशावरून? १८९८ च्या फेब्रुवारींत बडोदें संस्थानांतील उंधेरा गांवीं ही शंका मिटविण्यांत आली. तेथें शक्य तों प्रत्येक कुटुंबाचे दोन सारखे भाग करून एका भागास लस टोचली. घर तेंच, अन्न तेंच, उंदीर तेच. फरक तेवढा सुईचा. पुढें ज्या घरांत प्लेग शिरला तेथील न टोचलेल्या ६४ माणसांपैकीं २७ आजारी पडलीं आणि २६ दगावलीं. टोचलेल्या ७१ पैकीं ८ आजारी पडलीं आणि ३ दगावलीं. दोन्ही मिळून १३५ माणसें! हें संरक्षण किती काळ टिकेल, किंवा दुसऱ्या मुलखांत व दुसऱ्या प्रकारच्या प्लेगांत तें असेंच उपयोगी पडेल काय, हें या आंकड्यांवरून कळत नाहीं, आणि तसा दावा करणाऱ्यालाहि आम्ही हाच जाब विचारूं. पण त्या गांवीं, त्या सांथींत, लसीनें माणसें वांचलीं असें म्हणण्यास तेथें आधार होता.

त्या २६ जणांना लस कां दिली नाहीं, हा आक्षेप आम्हांस हलका वाटत नाहीं. लस तारक कीं मारक याविषयीं त्या काळीं लोकांत घोर संशय होता, आणि तो मिटविल्याखेरीज पुढल्या गांवांत ती कोणी टोचून घेणें कठीण होतें, एवढेंच त्यावर उत्तर आहे. तें कोणास अपुरें वाटल्यास आम्ही भांडणार नाहीं. मात्र हा आक्षेप घेणाऱ्यांनीं ढिल्या प्रयोगाचाहि हिशेब मांडावा. लॅनार्कशायरमध्यें १०,००० मुलें चार महिने शेजारच्या मुलांचे दुधाचे पेले पाहत बसलीं. आणि गॉसेट यांच्या हिशेबानें त्यांपैकीं ९,९५० मुलांना तसें बसविण्याचें कारणच नव्हतें.