गच्चीवर पोलिसांचा ड्रोन आला तर? घरावरचं आकाश नेमकं कोणाचं?

२०२० च्या लॉकडाऊनमधले ते व्हीडिओ आठवतात? कुठे झाडाखाली पत्त्यांचा डाव रंगलाय, कुठे पोरं मैदानात क्रिकेट खेळतायत. तेवढ्यात वरून ड्रोन येतो आणि सगळे वाट फुटेल तिकडे पळत सुटतात. केरळ पोलिसांनी तर अशा फुटेजला क्रिकेटची कॉमेंट्री जोडली आणि स्वतःच शेअर केलं. ते देशभर व्हायरल झालं.

आता पोलिसांचा ड्रोन नवीन राहिलेला नाही. गणेश विसर्जन असो की पंढरपूरची वारी, गर्दीवर नजर ठेवायला तो वापरला जातो. लाखोंच्या गर्दीत चेंगराचेंगरी टाळायची असेल, तर वरून दिसणारं चित्र उपयोगी पडतं, यात वाद नाही.

पण वारीचा रस्ता सार्वजनिक असतो. घराची गच्ची, मागचं परसू, वाड्याचा चौक हे सार्वजनिक नसतात. पोलिसांना घराच्या दारातून आत यायचं असेल, तर कायद्याने अटी घातल्या आहेत. तेच घर वरून बघायचं असेल तर?

जमीन माझी, मग वरचं आकाश माझं नाही का?

जुना कायदेशीर समज तसाच होता. जमीन ज्याची, त्याचंच वरचं आकाश, अगदी स्वर्गापर्यंत. विमानं आली आणि हा समज अडचणीचा ठरला. प्रत्येक शेतमालकाची परवानगी घेत विमान उडवणं शक्यच नव्हतं.

यावरचा सगळ्यात गाजलेला खटला अमेरिकेतला आणि तो कोंबड्यांमुळे उभा राहिला. नॉर्थ कॅरोलायना राज्यात कॉस्बी नावाच्या शेतकऱ्याचं कुक्कुटपालन होतं. दुसऱ्या महायुद्धात शेजारच्या विमानतळावर लष्करी विमानं उतरू लागली. त्यांचा मार्ग त्याच्या जमिनीपासून अवघ्या ८३ फुटांवरून जायचा. आवाजाने बिथरलेल्या कोंबड्या भिंतींवर आपटून मरायच्या. अशा सुमारे १५० कोंबड्या गेल्या आणि धंदा बसला.

१९४६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. स्वर्गापर्यंतच्या मालकीला आधुनिक जगात जागा नाही. मात्र जमिनीचा उपयोग करण्यासाठी लागेल तेवढी लगतची हवा मालकाचीच. ती नेमकी किती फुटांपर्यंत, हे न्यायालयाने सांगितलं नाही.

भारतातही कायद्याचा कल विमानाच्या बाजूने राहिला. १९३४ च्या विमान कायद्यात तरतूद होती की, वाजवी उंचीवरून विमान गेलं, तर केवळ तेवढ्या कारणासाठी अतिक्रमणाचा किंवा उपद्रवाचा दिवाणी दावा लावता येणार नाही. वाजवी उंची म्हणजे किती, हे परिस्थितीवर सोडलेलं होतं. त्या कायद्याची जागा आता भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली आहे.

थोडक्यात, ‘आकाश माझं आहे’ या दाव्यावर ड्रोन अडवणं कठीण आहे. मग खासगीपणाच्या हक्काचं काय?

अमेरिकेत पोलीस वरून बघू लागले तेव्हा

अमेरिकेच्या राज्यघटनेतली चौथी दुरुस्ती नागरिकांना सरकारी झडतीपासून संरक्षण देते. त्यामुळे तिथे प्रश्न असा आला की, वरून बघणं ही ‘झडती’ आहे का?

कॅलिफोर्नियातल्या एका माणसाने परसात गांजा लावल्याची टीप पोलिसांना मिळाली. घराला बाहेरून ६ फुटांचं आणि आतून १० फुटांचं कुंपण होतं. पोलिसांनी खासगी विमान घेतलं, १,००० फुटांवरून झाडं ओळखली आणि फोटो काढले. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी पोलिसांची बाजू घेतली. कोणताही विमानप्रवासी जे नुसत्या डोळ्यांनी पाहू शकतो, ते पोलिसांनी पाहिलं तर ती झडती नाही, असा तर्क होता.

तीन वर्षांनी फ्लोरिडाचं प्रकरण आलं. या वेळी हेलिकॉप्टर होतं आणि उंची ४०० फूट. हरितगृहाच्या छताचे काही पत्रे निघालेले होते, त्यातून गांजा दिसला. पुन्हा निकाल पोलिसांच्या बाजूने लागला.

कुंपण कितीही उंच बांधलं तरी ते आकाशाच्या बाजूने उघडंच असतं, असा या दोन निकालांचा व्यावहारिक अर्थ निघाला.

डोळे वेगळे, कॅमेरा वेगळा

पुढे तंत्रज्ञान बदललं आणि न्यायालयांचा सूरही बदलू लागला.

२००१ च्या खटल्यात पोलीस उडालेही नव्हते. त्यांनी रस्त्यावरूनच उष्णता टिपणारा कॅमेरा एका घराकडे रोखला. आत गांजा वाढवण्यासाठी लावलेल्या दिव्यांची उष्णता त्यात दिसली. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, सर्वसामान्यांच्या वापरात नसलेलं यंत्र वापरून घराच्या आतली माहिती काढणं ही झडतीच आहे.

२०२४ मध्ये अलास्काचं सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेलं. तिथे पोलिसांनी झाडीतल्या एका घराभोवतीची जागा विमानातून झूम लेन्सने टिपली होती. घराच्या आसपासचा परिसर असा न्याहाळायचा असेल, तर राज्याच्या घटनेनुसार आधी वॉरंट घ्या, असं न्यायालयाने बजावलं. प्रवाशाची सहज पडलेली नजर आणि तपासासाठी रोखलेली लेन्स या दोन गोष्टी एकसारख्या मानल्या गेल्या नाहीत.

सगळ्यात मोठा प्रयोग बाल्टिमोर शहरात झाला. २०२० मध्ये तिथे पोलिसांसाठी खासगी कंपनीची विमानं दिवसा तासन् तास घिरट्या घालत. दर सेकंदाला एक फोटो आणि शहराचा सुमारे ९० टक्के भाग नजरेत. फोटोंचा साठा ४५ दिवस ठेवला जाई. पोलिसांचं म्हणणं असं की, माणूस फोटोत नुसता ठिपक्याएवढा दिसतो, मग खासगीपणा कसा जाईल?

पण ठिपका रात्री ज्या घरात शिरतो आणि सकाळी जिथून निघतो, ते त्याचं घर असण्याची शक्यता मोठी. तिथून तो कोणत्या दवाखान्यात, कोणत्या प्रार्थनास्थळात, कोणाच्या दारात गेला, हेही मागे जाऊन पाहता येतं. २०२१ मध्ये अपील न्यायालयाने हा कार्यक्रम घटनाबाह्य ठरवला. एका फोटोतून जे कळत नाही ते हजारो फोटोंच्या साखळीतून कळतं, हा निकालाचा गाभा होता.

म्हणजे चर्चा ‘आकाश कोणाचं’ इथे सुरू झाली आणि ‘कशाने पाहिलं, किती वेळ पाहिलं, किती दिवस साठवलं’ इथे येऊन पोहोचली.

भारतात काय स्थिती आहे?

भारतात खासगीपणाचा हक्क मोठा वळसा घालून आला. १९६२ च्या खरक सिंग प्रकरणात पोलिसांनी रात्री-अपरात्री घरी येऊन तपासणं सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं. पण खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला नाही. ते २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टास्वामी निकालात घडलं. नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने हा हक्क मान्य केला. सरकारला त्यात हात घालायचा असेल तर त्याला कायद्याचा आधार हवा, हेतू वैध हवा आणि उपाय गरजेच्या प्रमाणात हवा, ही कसोटी त्यातून आली.

ही कसोटी पोलिसांच्या ड्रोनला लावली तर पहिल्याच पायरीवर अडखळायला होतं. कायदा कुठे आहे?

ड्रोन नियम, २०२१ आहेत. त्यात ड्रोनची नोंदणी, वजनाचे गट, पायलटचं प्रमाणपत्र, लाल-पिवळे-हिरवे झोन आहेत. हिरव्या झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत उडवायला परवानगी लागत नाही. ड्रोन सुरक्षित कसा उडवावा, हे हे नियम सांगतात. पोलिसांनी कोणाच्या घरावर, कोणाच्या आदेशाने कॅमेरा रोखावा आणि फुटेज कधी पुसावं, यावर त्यात काही नाही.

डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्येही गुन्हे रोखणं, शोधणं आणि तपास यासाठी होणाऱ्या डेटा वापराला बहुतेक बंधनांतून सूट आहे.

आता याची तुलना घराच्या झडतीशी करा. वॉरंट नसताना तपास अधिकाऱ्याला झडती घ्यायची असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार कारणं लेखी नोंदवावी लागतात. पंच बोलवावे लागतात. झडतीचं व्हीडिओ चित्रीकरण करावं लागतं. दारातून येणाऱ्या पोलिसाला एवढे नियम आहेत. गच्चीवरून पाहणाऱ्या पोलिसाला त्यातला एकही स्पष्टपणे लागू केलेला नाही.

नियम नसल्याने काय बिघडतं?

याचं उत्तर मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१९ मधल्या एका निकालात सापडतं. लाचखोरीच्या एका प्रकरणात फोन टॅपिंगचे तीन आदेश न्यायालयाने रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. हे शक्य झालं, कारण फोन टॅपिंग कधी आणि कोणाच्या आदेशाने करायचं याचा कायदा आहे. तो मोडला गेल्याचं दाखवता आलं.

ड्रोनच्या बाबतीत मोडायला नियमच नाही. त्यात बेकायदा झडतीतून मिळालेला पुरावाही केवळ त्या कारणाने बाद होत नाही, अशी भारतीय न्यायालयांची भूमिका १९७३ च्या पूरणमल निकालापासून आहे. अमेरिकेत असा पुरावा अनेकदा बाद होतो, म्हणून तिथे पोलीस आधी वॉरंटचा विचार करतात. इथे तो धाकही कमी आहे.

मग नागरिकाने काय करायचं?

दगड मारून ड्रोन पाडणं हा उपाय नाही. त्यात मालमत्तेच्या नुकसानीचा गुन्हा अंगावर येऊ शकतो आणि खाली उभ्या असलेल्या कोणाचं डोकंही फुटू शकतं.

विचारता येतील असे प्रश्न मात्र आहेत आणि त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. आपल्या शहरातल्या पोलिसांकडे ड्रोन वापराची लेखी कार्यपद्धती आहे का? उड्डाणाची परवानगी कोणत्या दर्जाचा अधिकारी देतो? फुटेज किती दिवस ठेवतात? ते कोणाला पाहता येतं आणि सोशल मीडियावर टाकायची परवानगी कोण देतं?

शेवटचा प्रश्न २०२० मध्येच विचारायला हवा होता. त्या व्हीडिओंत पळणाऱ्या माणसांच्या हातून फार तर नियमभंग झाला असेल. त्यांना देशभर हसण्याचा विषय करायची परवानगी कोणत्या कायद्याने दिली होती?