आधी सीआरओ, मग हेडफोन अ‍ॅम्प

आमच्या होस्टेलवर सध्या एक नवीनच खूळ शिरलं आहे. सीनियर लोक सांगतात की पूर्वी प्रत्येक मजल्यावर एक तरी सबवूफरवाला असायचा आणि त्याच्यामुळे रेक्टर सरांच्या चकरा व्हायच्या. आता सबवूफर गेले आणि मजल्यागणिक एक ऑडिओ इंटरफेसवाला आला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो (सर लोकांनी रागावू नये). ऑडिओ इंटरफेस म्हणजे यूएसबीवर चालणारा छोटा डबा. एकीकडे माइक किंवा गिटार, दुसरीकडे हेडफोन आणि मधे लॅपटॉप. गॅदरिंगच्या नाटुकल्याचे आवाज, कुणाचा पॉडकास्ट, कुणाची स्वतःच लिहिलेली गझल, सगळं त्यातूनच रेकॉर्ड होतं.

इथपर्यंत उत्तम. पण डबा आला की पंधरा दिवसांत पुढचा प्रश्न हजर : "याला हेडफोन अ‍ॅम्प कोणता लावू?" माझं स्पष्ट मत असं आहे की आपल्यापैकी बहुतेकांनी काहीच लावू नये. माझा रूममेट मेकॅनिकलचा, मूर्तिजापूरकडचा. त्याने किंमत ऐकली आणि एका वाक्यात निकाल लावला, "काहून बे, येवढ्या पैशात तं तीन महिन्याची मेस निंगते!" त्याचं बरोबरच आहे. पण मेसचा हिशेब बाजूला ठेवला तरी उत्तर तेच येतं, आणि ते काढायला बारावीचं फिजिक्स पुरतं.

आपल्याकडे बऱ्याच जणांच्या डोक्यावर दिसणारा ऑडिओ-टेक्निकाचा एम५०एक्स घ्या. इम्पीडन्स ३८ ओहम, सेन्सिटिव्हिटी १ मिलिवॉटला ९९ डेसिबल. म्हणजे ९९ डेसिबलसाठी लागतात फक्त ०.२ व्होल्ट. अगदी ११० डेसिबलचा धक्का हवा असेल तर साधारण १२.६ मिलिवॉट, म्हणजे ०.७ व्होल्ट आणि १८ मिलिअ‍ॅम्पिअर. इंटरफेसच्या हेडफोन सॉकेटातून एक व्होल्ट निघतो असं धरलं तरी काम झालं. वरची ताकद घेऊन करायचं काय?

आता उलटी बाजू. बेयरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा वेगवेगळ्या अवतारांत मिळतो. २५० वाला, १ मिलिवॉटला ९६ डेसिबल. त्याला ११० पर्यंत न्यायला अडीच व्होल्ट लागतात. एक व्होल्टवर तो १०२ ला थांबतो. १०२ सुद्धा कमी नाही, पण हळू आवाजात रेकॉर्ड झालेलं शास्त्रीय गाणं किंवा लांबून घेतलेला आवाज तपासायचा असेल तर नॉब शेवटपर्यंत जातो आणि तरी अपुरं वाटतं. इथे अ‍ॅम्पला अर्थ आहे. सेनहायझरच्या ३०० ओहमवाल्या हेडफोनलाही बऱ्याचदा आहे. पण खरं सांगा, होस्टेलमध्ये किती जणांकडे ३०० ओहमचा हेडफोन आहे?

दुसरी गोष्ट आउटपुट इम्पीडन्स, जी विकणारा कधीच सांगत नाही. ढोबळ नियम असा की सोर्सचा इम्पीडन्स हेडफोनच्या एक अष्टमांशापेक्षा कमी असावा. ३८ ओहमला पाच ओहमच्या आत. तो जास्त असला तर ज्या फ्रिक्वेन्सीला हेडफोनचा स्वतःचा इम्पीडन्स वर-खाली होतो तिथे आवाजही वर-खाली होतो, आणि मग आपण म्हणतो, "बास फुगलेला वाटतो रे." हे मोजता येतं. १०० हर्ट्झचा टोन वाजवा, सॉकेटवर उघडा व्होल्टेज घ्या, मग ३३ ओहमचा रेझिस्टर लावून परत घ्या. समजा १ व्होल्टचा ०.७५ झाला, तर ३३ गुणिले एक तृतीयांश, म्हणजे ११ ओहम. झालं! हेडफोन मात्र तेव्हा काढून ठेवा. आणि रूमवरचा तो स्वस्त पिवळा मल्टिमीटर इथे कामाचा नाही. त्यावर एसीची सगळ्यात खालची रेंजच २०० व्होल्टची असते. त्यावर पाऊण व्होल्ट बघणं म्हणजे धान्याच्या काट्यावर सोनं तोलणं. त्यासाठी लॅबमधला सीआरओच हवा (आता डीएसओ आहे, पण आपण सगळे सीआरओच म्हणतो).

"अ‍ॅम्प लावला की आवाज खुलतो" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता त्याची भीती वाटते. गाडगेबाबांचं १९५६ सालचं मुंबईतलं कीर्तन टेपवर रेकॉर्ड झालेलं आहे. आपल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे त्यांचा प्रत्यक्ष आवाज, त्यांच्या शेवटच्या वर्षातला. मी कॉन्व्हेंटवाला, त्यामुळे ते मी पहिल्यांदा इथे आल्यावरच ऐकलं. बाबा प्रश्न विचारतात, लोक एकसाथ उत्तर देतात, परत प्रश्न. तो आवाज कितीही भारी अ‍ॅम्पमधून ऐका, टेपची खरखर तितकीच मोठी होऊन येते. आणि साध्या इअरफोनवर ऐका, बाबांचा एकही प्रश्न हुकत नाही. जे रेकॉर्डिंगमध्ये नाही ते अ‍ॅम्प कुठून आणणार? रेकॉर्डिंग चांगलं हवं असेल तर तेच पैसे माइकच्या स्टँडवर आणि भिंतीला लावायच्या जाड गोधडीवर खर्च करा.

आपल्याकडे अजून एक भानगड आहे, कूलर. अकोल्या-अमरावतीच्या एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या वर गेला की कूलर बंद करून ऐका असं कुणाला सांगायची माझी हिंमत नाही. पण कूलरच्या घरघरीवर मात करायला लोक आवाज वाढवतात, आणि अ‍ॅम्प असला की बिनधास्त वाढवतात. जागतिक आरोग्य संघटनेचं मोठ्या माणसांसाठीचं प्रमाण आहे ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. त्यानंतर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. हिशेब करा : ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, ९२ ला अडीच, ९५ ला सव्वा तास. सव्वा तास आठवड्याला, रोज नव्हे! वर ज्या इंटरफेसला आपण 'कमी ताकदीचा' म्हणतो तो ९५ डेसिबल हसत हसत देतो. कान रिपेअर होत नाहीत. कूलरवर उपाय बंद कपांचा हेडफोन आहे, मोठा अ‍ॅम्प नाही.

मग हेडफोन अ‍ॅम्प कुणालाच नको का? हवा, पण वेगळा. मागच्या गॅदरिंगला आम्ही वऱ्हाडी नाटुकल्याचे आवाज रेकॉर्ड केले. चौघं जण, एक माइक, एक इंटरफेस, एक हेडफोन सॉकेट. वाय-कनेक्टर लावून दोघांनी ऐकलं की ३८ चे १९ ओहम होतात, चौघांनी ऐकलं की साडेनऊ. सॉकेटचा स्वतःचा इम्पीडन्स ११ असेल तर अर्ध्याहून जास्त व्होल्टेज आतच खर्च. त्यात एकाचा हेडफोन दणदणीत, दुसऱ्याचा मुका, आणि नॉब एकच. अशा वेळी चार जणांचा डिस्ट्रिब्यूशन अ‍ॅम्प लागतो, प्रत्येकाला वेगळा नॉब असलेला. बेहरिंगरचा एचए४०० हा तसलाच छोटा डबा. आम्ही तशाच प्रकारचा एक बडनेऱ्याच्या एका बँडवाल्या भाऊंकडून दोन दिवसांसाठी मागून आणला आणि काम निभावलं. नाटुकल्यात वेळ साधायची असते, एकाला ऐकू आलं नाही की चौघांचं हसू जातं.

जोडताना इतकंच बघा. अ‍ॅम्पला सिग्नल इंटरफेसच्या मागच्या लाइन आउटमधून द्या. हेडफोन सॉकेटातून दिला तरी चालतं, पण एक नॉब दुसऱ्या नॉबच्या डोक्यावर बसतो. डायरेक्ट मॉनिटर लाइन आउटवर येतो का ते आधी तपासा. नाही आला तर स्वतःचा आवाज लॅपटॉप फिरून उशिरा कानात येईल आणि बोलणारा अडखळेल. आणि घूंऽऽ असा ५० हर्ट्झचा आवाज आला तर अ‍ॅम्पला शिव्या देण्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. अर्थिंगचे दोन रस्ते झाले की हे होतंच, आणि होस्टेलच्या एक्स्टेंशन बोर्डातल्या तिसऱ्या भोकाला आत वायर आहे की नाही हे देवच जाणे. अ‍ॅम्पला बॅलन्स्ड इनपुट असेल तर टीआरएस केबल वापरा, बराच त्रास वाचतो.

शेवटी सर लोकांना एक विनंती. ऑप-अ‍ॅम्पच्या प्रॅक्टिकलला आपण ७४१ घेऊन गेन काढतो, जर्नलमध्ये ग्राफ चिकटवतो, संपलं. त्याच ७४१ ला एकदा हेडफोन लावू द्या. ११० डेसिबलसाठी १८ मिलिअ‍ॅम्पिअर आरएमएस, म्हणजे पीक साधारण २५, आणि ७४१ चा शॉर्ट-सर्किट करंटच २५ च्या आसपास. तो तिथे कसा चिरडतो हे स्क्रीनवर दिसेल आणि कानालाही कळेल. मग त्या जागी एनजेएम४५५६ लावा, ७० मिलिअ‍ॅम्पिअरवाला. २०११ साली एका निनावी इंजिनिअरने याच आयसीवर 'ओ२' नावाचा हेडफोन अ‍ॅम्प डिझाइन करून सर्किट सगळ्यांसाठी खुलं केलं, आणि पुढच्या वर्षी तो जो गायब झाला तो झालाच. सर्किट मात्र आहे. थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टला दरवर्षी तेच ते लाइन फॉलोअर करण्यापेक्षा एका ग्रुपने चार आउटपुटचा असा अ‍ॅम्प बनवावा, तो कॉमन रूमच्या कपाटात ठेवावा, आणि कॅरमच्या सोंगट्या जशा रजिस्टरवर सही करून मिळतात तसाच तो मिळावा. पीसीबी आणि पार्ट्सचा खर्च विभागाने दिला तर सोल्डरिंग करायला मी आणि आमच्या मजल्यावरचे दोघं तयार आहोत. सीआरओसाठी तेवढी लॅब शनिवारी दुपारी उघडी ठेवावी.